साडेचारशेची पेटी आणि दीड सूत

पत्र थोडक्यात असं: "काका, नमस्कार. कराडच्या अलीकडे हायवेला माझं दुचाकीचं गॅरेज आहे, दोन वर्षं झाली. अधूनमधून छोट्या चारचाक्याही येतात. गेल्या महिन्यात साडेचारशे रुपयांना दहा नगांची अॅलन गोट्यांची (पुढे षटकोनी बिट असलेल्या सॉकेटची) पेटी घेतली. पहिल्याच आठवड्यात एका मोटरसायकलच्या क्लचकडच्या झाकणाचा 5 नंबरचा (5 मिमी खड्ड्याचा) बोल्ट गोल झाला, बिटाचं टोकही पिळलं. लेथवाल्याला सातशे दिले, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता एक जण म्हणतो सहा हजारांची जर्मन पेटी घे, आयुष्यभर बघायला नको. दुसरा म्हणतो, गोट्या हव्यात कशाला, साधी एलनकी (वाकवलेली षटकोनी सळी) वापर. काय करू? पेटीचा फोटो पाठवतोय. आणि एक, बोल्ट माझ्याकडच्या पोराच्या हातनं गेला. लेथचे पैसे त्याच्या पगारातून कापू का?"

भाऊ, नमस्कार.

पैशांचं आणि पोराचं शेवटी बोलू. आधी फोटो. मी तो मोबाइलवर मोठा करून दोनदा बघितला आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. पेटीत दहा नग आहेत. डावीकडून चौथं आणि पाचवं बिट जवळपास सारख्याच जाडीची दिसतात. आकडे गोटीवर कोरलेले नाहीत, नुसते छापलेत, आणि चौथ्याचा आकडा तर पुसूनच गेलाय. मला दाट शंका आहे की तुमच्या पोराने वापरलं ते 5 नंबर नव्हतंच. ते दीड सूत होतं.

सुताचा हिशेब तुम्हाला माहीत असेलच, पण नव्या पोरांना तो कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, 3.175 मिलिमीटर. दीड सूत म्हणजे 4.76. आता 5 नंबरच्या अॅलन बोल्टाचा खड्डा मानकाप्रमाणे 5.02 ते 5.14 या मापाचा असतो. त्यात 4.76 चं बिट जातं, जरा सैल जातं, पण जातं, आणि गोम तिथेच आहे. 4 नंबरचं घातलं असतं तर हाताला लगेच कळलं असतं, आत नुसतं खडखडतं. दीड सूत मात्र "मीच तो" म्हणत बसतं. जोर लावला की सहाही बाजूंनी टेकायच्या ऐवजी ते नुसत्या कोपऱ्यांवर चढतं, बोल्टाच्या खड्ड्याच्या कडा खरवडून निघतात आणि एका झटक्यात सगळं गोल.

मिमी आणि सूत एकाच पेटीत भरणं हा स्वस्त पेट्यांचा जुना रोग आहे. नग जास्त दिसतात, पेटी भरल्यासारखी वाटते. दर वेळी नुकसान होतंच असं नाही, म्हणून तर रोग लक्षात येत नाही. सव्वा सूत म्हणजे 3.97, ते 4 नंबरात चालून जातं. अडीच सूत 7.94, तेही 8 मध्ये खपतं. दोन सूत 6.35 असल्याने 6 च्या खड्ड्यात शिरतच नाही, नशीब म्हणायचं. मधलं हे दीड सूत तेवढं घात करतं, आणि दुचाकीच्या इंजिनावर अॅलन बोल्टांत सगळ्यात जास्त नेमके 5 नंबरचेच भेटतात.

तेव्हा पहिली खरेदी गोटीची नको, जाडी मोजायच्या व्हर्नियरची करा. साधा डिजिटलही चालेल. त्या चौथ्या बिटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू मोजा. 4.7 च्या घरात आकडा आला तर माझी शंका खरी. 4.9 च्या वर आला तर मी चुकलो, आणि मग दोष पोलादाचा.

तसा पोलादाचाही आहेच म्हणा. टोक पिळलं असं तुम्हीच लिहिलंय. चांगलं पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं बिट पिळत नाही. अतीच झालं तर तडकून मोडतं. टोक दोरीसारखं पिळलं म्हणजे आतलं लोखंड मऊ होतं.

यात एक तुलना कामाची आहे. अॅलन बोल्टाच्या डोक्यावर 12.9 असा ताकदीचा आकडा कोरलेला असतो ना, तो बोल्ट 39 ते 44 एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) इतका कडक असतो. 8.8 वाला त्याहून बराच मऊ, 22 ते 32. बिट हे बोल्टापेक्षा स्पष्टपणे कडक असायलाच हवं, नाहीतर दोघांत कुस्ती लागते. एस-2 नावाचं जे टूल स्टील मिळतं, त्याला नीट पाणी दिलेलं असेल तर ते 58 च्या वर जातं. क्रोम व्हॅनेडियम साधारण 50 ते 55 च्या आसपास. 8.8 च्या बोल्टांना तेही पुरतं. मात्र रोज 12.9 शी गाठ असेल तर टोक एस-2 चंच घ्या. पेटीवर नुसतं "अलॉय स्टील" किंवा "हाय ग्रेड" लिहिलेलं असेल तर ते न लिहिल्यासारखंच.

आता पैसे वाचवायची खरी जागा सांगतो. बिट पिळायला किती जोर लागतो, हे त्याच्या जाडीच्या घनावर ठरतं. म्हणजे 4 नंबरचे 64, 5 चे 125, 6 चे 216, 8 चे 512, आणि 10 नंबरचे हजार. पोलाद तेच, पण 10 नंबरचं बिट 5 पेक्षा आठपट दणकट आणि 4 नंबरचं 5 च्या निम्मंच. 12 आणि 14 नंबरचं बिट साध्या पोलादाचं असलं तरी तुमच्या गॅरेजात ते पिळणार नाही. 4 आणि 5 नंबर मात्र हलकं असलं की गेलंच. पूर्ण पेटी घेताना आपण सगळ्या नगांना सारखाच भाव देतो, आणि त्यातले निम्मे नग वर्षभर हातातही घेत नाही.

म्हणून साडेचारशेची नको आणि सहा हजारांचीही नको. सुटे नग घ्या. 4, 5, 6, 8 हे चार चांगल्यातले चांगले. त्यात 5 आणि 6 दोन-दोन घ्या, एक आखूड आणि एक लांब. 10 नंबर मध्यम प्रतीचा चालेल. युरोपीय चारचाकी दारात येत असेल तर 7 नंबर वेगळा घेऊन ठेवा, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या ब्रेक कॅलिपरच्या गाइड पिनला 7 नंबर लागतो आणि साध्या पेट्यांत तो हमखास नसतो. मग माणूस 6 नंबरला कागद गुंडाळून काम भागवायला जातो. मी बघितलंय. ब्रेकच्या कामात असलं काही करू नका.

दुसऱ्या मित्राचा सल्ला, म्हणजे साध्या एलनकीचा, अगदीच टाकाऊ नाही. चांगल्या कंपनीची एलनकी, आपल्या नाशिकच्या टपारियाची म्हणा, रस्त्यावरच्या बिट सॉकेटपेक्षा कधीही बरी. अडचण एवढीच की तिला टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा पाना) लावता येत नाही, आणि अरुंद जागी हात फिरत नाही. पण तिच्यातूनच गोटी बनवता येते, आणि हा जुगाड मी तीस वर्षं वापरलाय. 6 नंबरच्या चांगल्या एलनकीच्या लांब बाजूचा दीड-दोन इंचाचा तुकडा कापायचा आणि 6 नंबरच्या साध्या गोटीत घालायचा. गोटी सहा कोनांची हवी, बारा कोनांची नको. झाली अॅलन गोटी. 8 ची 8 मध्ये, 10 ची 10 मध्ये. टोक झिजलं की तुकडा उलटा करायचा, दोन्ही टोकं झिजली की ग्राइंडरवर दोन मिलिमीटर सपाट घासायचं आणि पुन्हा नवं. कापताना आणि घासताना तेवढं दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पोलादाला निळा रंग चढला म्हणजे ते तीनशे अंशांच्या आसपास गेलं, तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग मऊच राहणार.

17 नंबरसाठी तर तेवढंही करू नका. काही गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या ऑइल प्लगला 17 नंबरचा अॅलन असतो, तो वर्षातून चार वेळा लागणार. जुन्या मापाच्या एम-10 (10 मिमी दांड्याच्या) बोल्टाचं डोकं 17 मिमीचं असतं. बोल्ट घ्या, दांड्यावर दोन नट एकमेकांवर आवळा, डोकं प्लगमध्ये घाला आणि नटावर पाना लावा. नवीन मापाच्या एम-10 चं डोकं 16 असतं, तेवढं बघून घ्या.

दुकानात जाल तेव्हा. कोल्हापूरचं उद्यमनगर तुम्हाला जवळ आहे, पुण्याला नाना पेठ आहे, मुंबईला कधी गेलात तर नागदेवी स्ट्रीट. कुठेही जा, व्हर्नियर खिशात ठेवा. दुकानदाराला राग येत नाही. आलाच तर दुसरं दुकान शेजारीच असतं. 5 नंबरचं बिट 5 च्या जरा खाली, दोन-चार शतांशांत यायला हवं. 4.90 आलं तर नको. 5.02 आलं तरी नको, ते काही बोल्टांत शिरणार नाही आणि तुम्ही ठोकत बसाल.

मग टोक बघा, आणि इथे जरा वेळ घालवा. टोकाला बारीक उतार दिलेला असतो, बिट खड्ड्यात सहज शिरावं म्हणून. तो अर्ध्या मिलिमीटरचा असावा. हलक्या मालात तो दीड-दोन मिलिमीटरपर्यंत असतो, कारण तिथे काम घाईचं. आता हिशेब करा. एम-6 च्या अॅलन बोल्टाचा, म्हणजे 5 नंबरवाल्याचा, खड्डा खोल असतो कमीत कमी 3 मिलिमीटर. एवढाच. सगळा जोर त्या तीन मिलिमीटरवर. त्यातले दीड मिलिमीटर उतारात गेले तर बिट खरं पकडतंय दीडच मिलिमीटर. वर खड्ड्यात मिलिमीटरभर चिखल असला तर बघायलाच नको. बटण डोक्याचे (बसक्या, गोल डोक्याचे) बोल्ट असतील तर खड्डा आणखी उथळ. लांब उताराचं बिट मिळालंच तर टोक पाण्यात बुडवत बुडवत घासून सपाट करून घ्या, तेच बिट दुप्पट पकडतं.

कानशीची परीक्षाही आहे. बारीक कानस बिटाच्या बुडाकडच्या एका कोपऱ्यावर हलकीच ओढायची. ती घसरून सर्र आवाज करत गेली तर पोलाद कडक. कानशीने सहज किसलं तर ठेवून द्या. अर्थात हे दुकानात विचारून करा, नाहीतर घेतलेल्या एका नगावर घरी करून मग बाकीचे घ्यायला जा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण दुकानदार विचारेल: एकसंध घ्यायची की बिट बसवलेली? एकसंध गोटी मोडली की सगळी गेली. बिट बसवलेलीत नुसतं बिट बदलता येतं, पण सुटं बिट मिळत असेल तरच. तुमच्यासारख्याला मी तिसरं सांगेन. 10 मिमी षटकोनी बुडाची सुटी बिटं मिळतात, 30 मिमी आखूड आणि 75 मिमी लांब. अॅलन, टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीची) आणि बारा दात्यांची स्प्लाइन, सगळी त्याच बुडाची. त्यांना एकच धारक गोटी पुरते, एका बाजूला पान्यासाठी चार सुताचा चौकोन, दुसऱ्या बाजूला 10 मिमीचं घर. पुढे टॉर्क्सचं काम वाढलं तरी धारक तोच राहतो, 5 नंबर मोडलं तर तेवढंच बिट आणायचं. स्प्लाइनची बिटंही तिथेच ठेवा. फोक्सवॅगन, स्कोडाच्या काही बोल्टांना ती लागतात, आणि घाईत त्यातच अॅलन घालून पोरं बोल्ट खराब करतात.

या धारकाची एक खोड सांगून ठेवतो. तो चार सुताचा, आणि चार सुताच्या रॅचेट पान्याचा दांडा वीतभराहून मोठा, साधारण 250 मिलिमीटरचा. हाताचा वीस किलोचा जोर लावला तरी 50 न्यूटन मीटर झाले. झाकणाचा एम-6 बोल्ट अॅल्युमिनियममध्ये आवळायला साधारण 10 लागतात. म्हणजे तुम्ही पाचपट जोराचं हत्यार हातात घेऊन उभे आहात, आणि हाताला ते कळतही नाही. 4 आणि 5 नंबरसाठी दोन सुताचं किंवा फार तर तीन सुताचं रॅचेट वापरा. चार सूत 8 नंबरच्या पुढे. तुमच्या पेटीतल्या सगळ्या गोट्या चार सुताच्या आहेत असं फोटोत दिसतं. बोल्ट गोल व्हायला त्याचाही हातभार लागलाच असणार.

इम्पॅक्ट गन घेतली असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर चकचकीत क्रोमच्या गोट्या तिला लावू नका. गनसाठी काळ्या, जाड गोट्या वेगळ्या येतात. मी नवीन असताना एका प्रेस शॉपमध्ये हातपान्याची क्रोमची गोटी गनला लावली होती. तिचा कपचा उडाला तो अंगठ्याच्या खाली घुसला, खूण अजून आहे. डोळ्यात गेला असता तर हे सदर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. एस-2 चं बिट मोडतं तेव्हाही तुकडा उडतो, म्हणून गॉगल घाला. गोल डोक्याचं, बॉलचं बिट फक्त ढिला झालेला बोल्ट भराभर फिरवायला. घट्ट बोल्ट त्याने फोडायला गेलात तर मान मोडते. बिटाची.

आता माल घेतलात, तरी निम्मं काम हातावर आहे. दुचाकीच्या बोल्टात काय काय साचतं ते तुम्हाला मी सांगायला नको, चिखल, ग्रीस, चेनचं तेल, गाडी धुणाऱ्याची पावडर. जुन्या स्क्रूड्रायव्हरचं टोक अणकुचीदार करून ठेवा आणि खड्ड्याचा तळ आधी खरवडा. मग हवा मारा. मग बिट घाला आणि गोटीच्या पाठीवर हातोडीने दोन हलके टोले द्या. कान द्या. तळाला घाण असेल तर आवाज भद्द येतो. बिट तळाला टेकलं की टक्क येतो, आणि हाताला थोडा उलटा ठोकाही लागतो. टक्क आल्याशिवाय रॅचेटला हात लावायचा नाही. या टोल्यांचा दुसरा फायदा असा की आट्यात बसलेला गंज जरा मोकळा होतो. एका हाताने गोटी बोल्टावर सरळ दाबून धरायची, दुसऱ्याने दांडा. एका हाताने दोन्ही करायला गेलं की बिट तिरकं होतं. तुमच्या पोराने तेच केलं असणार. सगळेच करतात.

डिस्क ब्रेकच्या डिस्कचे बोल्ट हा वेगळा अध्याय आहे, आणि त्याबद्दल तुम्ही पुढच्या पत्रात विचारालच. त्या बोल्टांच्या आट्यांना कंपनीने लॉक (आटे धरून ठेवणारं चिकट द्रव्य) लावलेलं असतं, आणि डोकं बरेचदा बटणाचं, म्हणजे खड्डा उथळ. तिथे कितीही महाग बिट घेतलंत तरी थंड बोल्टाशी झगडू नका. हॉट एअर गनने बोल्टाचं डोकं तापवा, लॉक मऊ होतं, मग फोडा. गॅसची ज्योत नको, जवळच बेअरिंगचं सील असतं. गंज काढायचा स्प्रे तर डिस्कच्या आसपास मारूच नका. तेल डिस्कवर गेलं की ब्रेक गेला. बसवताना जुनं लॉक साफ करून मध्यम ताकदीचं निळं लॉक लावा आणि कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळा. तिथे अंदाज चालवू नका.

बोल्ट पुन्हा कधी गोल झालाच, तर लेथवाल्याकडे पळायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. पहिली, तुमच्या सुताच्या मापांचा इथे उपयोग आहे. 5 नंबर गोल झाला की पावणेदोन सूत, म्हणजे 5.56, एलनकीचा आखूड तुकडा खड्ड्यात ठोकून बसवा आणि सावकाश फिरवा. 6 गोल झाला तर दोन सूत. जरा मोठ्या मापाचा टॉर्क्स बिटही चालतो, तो कोपऱ्यांत चावा घेतो. ठोकायचं ते डोक्यावर, सरळ. झाकण अॅल्युमिनियमचं आहे हे विसरू नका.

दुसरी गोष्ट झाकणाच्या बोल्टांसाठीच. बाकीचे सगळे बोल्ट काढा, मग अडलेल्या बोल्टाचं डोकं ड्रिलने उडवा, फक्त डोकं. बोल्टाच्या दांड्याएवढा ड्रिल घ्यायचा, आणि खड्ड्यामुळे तो आपोआप मध्यावर बसतो. डोकं सुटलं की झाकण निघतं. झाकण निघालं की बोल्टावरचा ताण गेला, आणि बाहेर राहिलेला दांडा ग्रिप प्लायरने धरला की बहुतेक वेळा हातानेच फिरतो. लोकांना हे पटत नाही. इतका हट्टी बोल्ट डोकं उडवल्यावर गरीब कसा होतो? अहो, तो बहुतेक वेळा आट्यांत अडकलेला नसतो, डोक्याखाली आवळलेला असतो.

सहा हजारांच्या पेटीबद्दल दोन शब्द. जर्मन, जपानी माल चांगलाच असतो, त्याला मी नावं ठेवत नाही. वेरा या जर्मन कंपनीचं हेक्स-प्लस म्हणून एक टोक येतं, ते बोल्टाच्या कोपऱ्यांऐवजी बाजूंवर जास्त टेकतं, थोड्या घसरलेल्या बोल्टातही पकड देतं. त्यातलं एक 5 नंबर सुटं मिळालं तर घेऊन ठेवा, अडीअडचणीला. तैवानचा नावाजलेला मालही गॅरेजला पुरून उरतो. पण "आयुष्यभर बघायला नको" हे मात्र खोटं. बिट झिजणारच. कानशीचं जसं आपण धरून चालतो, ब्लेडचं जसं धरून चालतो, तसंच 5 नंबरचंही धरून चाला. तुमच्यासारख्या चालू गॅरेजात ते कधीतरी बदलायचंच आहे. महाग पेटीत ते एक झिजलं की माणूस हळहळतो आणि झिजलेलंच वापरत राहतो. सगळे बोल्ट तिथेच जातात.

झिजलेली कडा कशी ओळखायची? बिट उजेडात तिरकं धरा. कोपऱ्याची रेघ सरळ आणि धारदार दिसली तर ठीक. टोकाकडे चमकदार, गोलसर पट्टा दिसला की दोन मिलिमीटर घासा. घासून घासून आखूड झालं की फेका, दुसऱ्या कामाला म्हणून डब्यात टाकू नका. डब्यातून ते पुन्हा हातात येतं.

राहिला पोरगा. पगारातून कापायचं मनातसुद्धा आणू नका. पेटी तुम्ही आणलीत, आकडे न कोरलेली. त्यात दीड सूत असेल हे तुम्हालाही माहीत नव्हतं, त्याला कुठून कळणार? सातशे रुपये तुमच्याच खात्यावर लिहा. उद्या सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी त्याला व्हर्नियर द्या, दहाही बिटं मोजायला लावा, आकडे वहीत लिहू द्या. मग ऑइलपेंटची डबी आणा. मिमीच्या गोट्यांना पिवळा पट्टा, सुताच्यांना लाल, आणि लालवाल्या वेगळ्या डब्यात, फक्त ठोकून बोल्ट काढायच्या कामासाठी. चौथ्या बिटाचा आकडा किती आला ते मला कळवा.